परतावा मिळाला, भरपाईचे काय?

उज्जैनच्या माणसाला काळाविषयी थोडा अभिमान असतो. प्राचीन ज्योतिर्विदांनी मध्यरेषा कल्पिली ती या नगरीवरून. सवाई जयसिंहाने वेधशाळा बांधली तीही येथे, शिप्रेच्या काठी. आणि आमचे आराध्यदैवत तर साक्षात महाकाल. असे असूनही, वाचकहो, विमानाने कोठे वेळेवर पोहोचायचे झाले तर आम्हांला आधी पंचावन्न किलोमीटर दूर इंदूरला जावे लागते. देवास रस्त्यावर दताण्याला आमची स्वतःची धावपट्टी आहे खरी, परंतु मोठ्या कंपन्यांची नित्याची विमाने उतरतात ती इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर. तेव्हा आमच्या विमानप्रवासाचा पहिला अंक टॅक्सीत होतो आणि तो अंक कोणत्याच तिकिटावर छापलेला नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध यावयाचा आहे.

आम्ही छत्तीस वर्षे लेखापरीक्षण खात्यात काढली. दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका दाखविणे हाच आमचा चरितार्थ. गावोगावच्या कचेऱ्यांत आमचे पाऊल पडताच तेथील हेडक्लार्कच्या चहाला जास्त साखर पडे. अशा माणसाला स्वतःच्या हक्काची रक्कम कोणती हे ठाऊक नसावे, आणि ते एका वकिलीचा अभ्यास करणाऱ्या मुलीने शिकवावे, ही हकीकत सांगावयास आम्हांला संकोच वाटतो. तरीही सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती या ना त्या रूपाने घडलेली असणार.

आमची थोरली बहीण, अक्का, १९६४ साली उज्जैनहून लग्न होऊन डोंबिवलीला गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिचे सहस्रचंद्रदर्शन ठरले. रविवारी सकाळी दहाला एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण व्हावयाचे, त्याआधी माहेरची साडी नेसून तिने पाटावर बसावयाचे. माहेर म्हणजे आता आम्ही उभयताच. सौ.ने महिनाभर आधी महेश्वरची साडी आणविली होती. मोरपंखी रंग, किनार मात्र जुन्या चालीची, अक्काला आवडते तशी. नेहमी आम्ही संध्याकाळची अवंतिका पकडतो आणि सकाळी मुंबई गाठतो. परंतु सौ.च्या गुडघ्यांनी त्या वर्षी असहकार पुकारला होता. चिरंजीव बंगळूरला असतात. ते म्हणाले, "बाबा, दीड तासाचा प्रवास, आता विमानानेच जा," आणि त्यांनी तेथूनच मोबाइलवर तिकिटे काढली, शनिवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या विमानाची. संपर्कासाठी क्रमांक अर्थातच स्वतःचा दिला.

दुपारी तीनला आम्ही टॅक्सीत बसलो. साडेचारला विमानतळावर उतरलो तो फलकावर आमच्या विमानापुढे एकच शब्द होता : रद्द. त्याच वेळी चिरंजीवांचा फोन आला. कंपनीचा संदेश त्यांना वीस मिनिटांपूर्वी, कचेरीच्या बैठकीत असताना आला होता. त्यात कारण दिले होते 'ऑपरेशनल'. या शब्दाचे मराठी भाषांतर आम्ही अजून शोधत आहोत. 'कारण आहे, पण सांगणार नाही' हे त्यातल्या त्यात जवळचे.

खिडकीपाशी ऐंशी-नव्वद माणसे जमली होती. आतली मुलगी फार सभ्य होती. तिचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. तिने आम्हांला दोन गोष्टी सांगितल्या : उद्या दुपारी साडेबाराचे विमान घ्या, नाहीतर पैसे परत घ्या. उद्या दुपारी साडेबारा म्हणजे औक्षणानंतर अडीच तासांनी इंदूरहून उड्डाण. आम्ही म्हणालो, "दुसऱ्या कंपनीच्या आजच्या विमानात बसवा." ती म्हणाली, "सर, तशी सोय नाही." मग आम्ही पैसे परत मागितले. तिने चिरंजीवांच्या मोबाइलवर काही पाठविले, त्यांनी तेथे बोट टेकले आणि तिकिटाचे पैसे सात दिवसांत जमा होतील असे कळले. आम्ही त्या मुलीचे आभार मानले! आमचेच पैसे आम्हांला परत मिळणार होते, आणि आम्ही आभार मानून बाजूला झालो.

आगगाडीत जागा नव्हती, लग्नसराई होती. रात्री आठला खाजगी बस मिळाली, तीही बसून जाण्याची. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात एक ट्रेलर आडवा पडला होता. त्याच्यामागे आम्ही तीन तास उभे होतो. सौ. एकदाही कण्हली नाही. तिने फक्त साडीची पिशवी मांडीवर घेतली होती, ती रात्रभर खाली ठेवली नाही. धुळे उजाडताना आले, नाशिक उन्हात आले. साडेनऊला अक्काचा फोन आला, "कुठपर्यंत आलात?" आम्ही म्हटले, "कसारा घाट उतरतो आहोत." खरे म्हणजे घाट अजून चढावयाचाही नव्हता. थोरल्या बहिणीशी आम्ही खोटे बोललो ते बहुधा १९५८ नंतर प्रथमच.

भिवंडीला बस सोडून रिक्षाने डोंबिवलीला पोहोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. तबकातले दिवे विझले होते, वाती काळ्या पडल्या होत्या, पंगत उठत होती. अक्का तिच्या सुनेने दिलेली साडी नेसून पाटावर बसली होती. सुनेने फार प्रेमाने दिली होती, त्यात उणे काहीच नव्हते. अक्काने मोरपंखी साडी उघडून पाहिली, किनारीवरून हात फिरविला, घडी घातली आणि म्हणाली, "जेवून घ्या आधी." तिच्या या तीन शब्दांपुढे त्या संदेशातला 'ऑपरेशनल' हा शब्द आम्हांला फार तोकडा वाटला.

परत आल्यावर पैसे सहाव्या दिवशी जमा झाले. आम्ही वहीत नोंद केली आणि खाते बंद झाले असे मानले. शेजारची मुलगी कायद्याचा अभ्यास करते. ती सौ.च्या गुडघ्यांची चौकशी करावयास आली होती, तिने सगळे ऐकले आणि विचारले, "काका, परतावा मिळाला, भरपाईचे काय?"

आम्ही म्हणालो, "परतावा म्हणजेच भरपाई ना?"

तिने ज्या नजरेने आमच्याकडे पाहिले, त्याच नजरेने आम्ही छत्तीस वर्षे हेडक्लार्कांकडे पाहत आलो होतो.

मग तिने नियम दाखविला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली प्रवाशांसाठी एक नियमावली काढली. २०१६ आणि २०१९ मध्ये तीत सुधारणा झाल्या. विमान रद्द करावयाचे तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवावे आणि प्रवाशाला मानवेल त्याप्रमाणे दुसरे विमान किंवा पैसे द्यावेत. दोन आठवड्यांच्या आत, पण चोवीस तासांपूर्वी कळविले, तरी हीच निवड प्रवाशाची. आणि जर चोवीस तास आधीही कळविले नाही, तर कंपनीपुढे दोनच वाटा उरतात : प्रवाशाला मान्य होईल असे दुसरे विमान द्यावयाचे, किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा आणि *त्याशिवाय* भरपाई. विमानाचा प्रवास एका तासापर्यंतचा असेल तर भरपाई ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५००, त्याहून अधिक असेल तर १०,०००. 'त्याशिवाय' हा शब्द तिने पेन्सिलीने अधोरेखित करून दाखविला. आम्हांला संदेश मिळाला तो तीन तास आधी. आमचा प्रवास दोन तासांच्या आतला. म्हणजे माणशी साडेसात हजार! सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली.

परंतु लेखापरीक्षकाने नेहमी ओळीचा शेवट वाचावा. तेथे लिहिले होते : ही रक्कम, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी *जे कमी असेल ते*. आमचे मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून माणशी ३,४८० रुपये होत होते. सौ. परत स्वयंपाकघरात गेली.

येथे आम्हांला यूरोपची आठवण होते, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत आणि सुट्टीत येताना त्यांच्या तोंडी ही गोष्ट असते. तेथे २००४ च्या एका नियमाने अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० यूरो ठरविलेले आहेत, आणि तिकीट कितीही स्वस्तात काढलेले असो, ती रक्कम घटत नाही. तेथील तत्त्व असे दिसते की खोळंबा ज्याचा झाला त्याचा वेळ मोजावा. आमच्याकडे भाडे मोजतात. स्वस्त तिकिटाच्या माणसाचा दिवस स्वस्त, असा त्याचा अर्थ होतो. हे आम्हांला पटत नाही, आणि नियम पुन्हा कधी सुधारला जाईल तेव्हा 'जे कमी असेल ते' हे शब्द गळावेत अशी आमची इच्छा आहे.

दुसरी पळवाट मोठी आहे, तथापि ती सर्वस्वी अन्याय्य म्हणता येत नाही. धुके, वादळ, पूर, दंगल, संप, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरचे काही घडले, तर भरपाई नाही. २००५ च्या डिसेंबरात दिल्लीच्या धुक्यात एक प्रवासी हैदराबादला जाण्यासाठी तासन् तास विमानातच बसून राहिला. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०११ साली न्यायालयाने म्हटले की धुक्याचा दोष कंपनीवर घालता येत नाही, आणि त्याला मंजूर झालेली रक्कम रद्द केली. परंतु त्याच निकालात आमच्यासारख्या आडगावच्या लोकांच्या कामाची एक गोष्ट आहे. कंपनीचे म्हणणे होते की तिकिटावरील अटीप्रमाणे तक्रार दिल्लीच्याच न्यायालयात चालेल. न्यायालयाने सांगितले की या अटीने हैदराबादच्या स्थायी लोक अदालतीचा अधिकार जात नाही. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच तक्रार करण्याची मुभा दिली. दोन वर्षांच्या आत करावी एवढेच, आणि आमच्यासारख्या लहान रकमांना शुल्कही नाही. म्हणजे उज्जैनच्या माणसाला मुंबई-दिल्लीचे खेटे घालावयास नकोत, कोठी रस्त्यावर जाऊन यावयाची जी आम्हां निवृत्तांची तयारी असते तेवढी पुरते.

आम्ही पत्र लिहिले. पत्र लिहिणे ही आमची कला आहे, म्हणून त्याचे तीन मसुदे झाले. तारीख, विमानाचा क्रमांक, संदेशाची वेळ, नियमाचा परिच्छेद आणि मागणी, एवढेच अखेर ठेवले. अक्का, साडी आणि बिजासन घाट सौ.च्या सांगण्यावरून काढून टाकले. उत्तर अकराव्या दिवशी आले. विमान खराब हवामानामुळे रद्द झाले होते, सबब भरपाई देय नाही. तथापि सद्भावना म्हणून दोन हजारांचे कूपन देत आहोत, ते सहा महिन्यांत वापरावे.

शनिवारी 'ऑपरेशनल' असलेले कारण पत्रात 'हवामान' झाले होते. खर्चाची बाब ऐनवेळी एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली गेली की आमचे कान टवकारतात. चिरंजीवांनी तो मूळ संदेश पुसला नव्हता. त्या संध्याकाळी इंदूरहून मुंबईला दुसरी दोन विमाने गेल्याचे फलकावर आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, आणि हताशपणे का होईना, सौ.ने त्या फलकाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेतले होते. ते सर्व जोडून कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याला दुसरे पत्र गेले. आणि २०१६ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'एअरसेवा' या व्यवस्थेत चिरंजीवांनी तक्रार नोंदविली. कूपन आम्ही नाकारले. भरपाई रोख किंवा बँकेमार्फत द्यावयाची असते, कूपन घ्यावयाचे तर प्रवाशाच्या लेखी संमतीने. परताव्याचे पैसे कंपनीकडे पुढच्या प्रवासासाठी ठेवणे हेही प्रवाशाच्या खुशीवर आहे, कंपनीच्या सोयीवर नाही.

हा मुद्दा लहान वाटतो, पण नाही. २०२० साली २५ मार्चपासून देशातील प्रवासी विमाने बंद झाली ती दोन महिने बंद होती. त्या काळात लोकांची तिकिटे रद्द झाली आणि पैसे मात्र कंपन्यांकडे 'जमा' राहिले. आमच्या गल्लीतील एका कुटुंबाचे मुंजीसाठीचे नऊ तिकिटांचे पैसे असे अडकले होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी निर्णय दिला. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे कंपन्यांनी लगेच परत करावयाचे. आधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत, आणि कंपनी खरोखर अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे जमापत्र द्यावयाचे, त्यावर दरमहा थोडी वाढही. जमापत्र वापरले नाही तर पैसे परत. तोपर्यंत आमच्या शेजाऱ्यांची समजूत अशी होती की आपण उशिरा विचारले म्हणून पैसे बुडाले.

आणि २०२५ च्या डिसेंबरात तर सगळ्या देशाने हा पाठ एका आठवड्यात गिरविला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले. आठवड्याची विश्रांती छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस तास झाली. थकलेल्या माणसाने विमान चालवू नये, यात गैर काय? परंतु देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, त्यासाठी पुरेशी माणसे सिद्ध ठेवली नव्हती. एकट्या ५ डिसेंबरला तिची हजारांवर उड्डाणे रद्द झाली. इंदूरच्या विमानतळावरही माणसे सामानावर बसून राहिली. सरकारने भाड्यांवर मर्यादा घातली, ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परतावे पुरे करावयास सांगितले, आणि ६१० कोटी रुपये परत झाल्याचे जाहीर झाले. कंपनीने अधिक हाल झालेल्यांना दहा हजारांची प्रवासकूपनेही देऊ केली. वर्तमानपत्रांत ६१० कोटींचा आकडा मोठ्या अक्षरांत छापून आला, जणू तो दानधर्म होता. आम्ही तो सौ.ला वाचून दाखविला. ती म्हणाली, "ते लोकांचेच ना?"

आम्ही महाराष्ट्राबाहेरची माणसे. आमचे पणजोबा शिंदेशाहीत कारकुनीसाठी आले आणि येथलेच झाले. तरी घरात एक वळण राहिले आहे : परमुलखात उगीच वाद घालू नये, खिडकीवरल्या माणसाशी गोड बोलून मिळेल ते घ्यावे, उरलेल्याला 'जाऊ द्या हो' म्हणावे. या वळणाने आमचे पुष्कळ भले झाले, शेजार टिकला, नावाला बट्टा लागला नाही. पण वस्तुतः त्या खिडकीवर भांडावयाचे नव्हतेच, विचारावयाचे होते. "परतावा घेतो, भरपाईचा अर्ज कोणाकडे द्यावा?" एवढे एक वाक्य. ते आम्हांला ठाऊक नव्हते, आणि तेथील ऐंशी-नव्वदांपैकी कोणीही उच्चारले नाही. आगगाडीच्या बाबतीत पाहा, गाडी रद्द झाली की पूर्ण पैसे, तीन तासांवर उशीर झाला आणि प्रवास केला नाही तरी पूर्ण पैसे, हे आमच्या आजीलाही ठाऊक असावे इतके मुरलेले आहे. विमानाचे अजून तसे झालेले नाही. दोन तास उशीर झाला की अल्पोपाहार, रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचे विमान सहा तासांहून अधिक लांबले की हॉटेल, हे नियम आहेत. पण ते मागणाऱ्याला मिळतात. आणखी एक : तिकिटावर संपर्कासाठी प्रवास करणाऱ्याचा क्रमांक असावा. संपर्काचा पुरेसा तपशील न देणाऱ्याला भरपाई मिळत नाही, असेही नियमात आहे. मुलांनी प्रेमाने तिकिटे काढावीत, क्रमांक मात्र आई-बापांचा घालावा, जोडीला स्वतःचा.

पहिल्या पत्रापासून सत्तेचाळिसाव्या दिवशी आमच्या खात्यात ६,९६० रुपये जमा झाले. सोबत पत्र नव्हते, कारण नव्हते, दिलगिरीही नव्हती. आम्ही वही काढली. उज्जैन ते विमानतळ टॅक्सी १,८००. बस दोघांची २,६००. भिवंडी ते डोंबिवली रिक्षा ५००. एकूण ४,९००. शिल्लक २,०६०. तिकिटाबाहेरचा तो टॅक्सीचा अंक कोणत्याही नियमात बसत नाही. तो आम्हीच या रकमेत बसविला.

रात्री अक्काला फोन करून सर्व हकीकत सांगितली. मसुद्यांचे, कूपनाचे आणि फलकाच्या छायाचित्राचे वर्णन आम्ही थोडे रंगवूनच केले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "किती उरले म्हणालास?"

"दोन हजार साठ."

"मग ते मला पाठव. वाट मी पाहिली होती."

आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठविले. पंधरा दिवसांनी डोंबिवलीहून एक पुडके आले. आत सौ.साठी गुडघ्यांना बांधावयाचे चांगल्या प्रतीचे दोन पट्टे होते, आणि अक्काच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी : 'भाऊबीजेला मोरपंखी नेसणार आहे. दोघे या. अवंतिकेने या.'